थांब गो

आमच्या घरात दोन तऱ्हेचं मराठी चालायचं. आई पुण्याची, ती मला 'अगं' म्हणायची. बाबा रोह्याजवळच्या खेड्यातले, त्यांचं सगळं 'गो'. 'जेवलीस काय गो', 'निघालीस कुठं गो', 'चावी तुझ्या खिशातच हाय गो'. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघांपैकी कुणी तसूभर हललं नव्हतं. आई म्हणायची, "मास्तर माणूस, बोलणं बघा कसं!" बाबा म्हणायचे, "तुझ्या 'गं'ने तोंड मिटतं, माझ्या 'गो'ने उघडं राहतं. माणसाने उघड्या तोंडाने बोलावं." यावर आई पापडाचं पीठ जरा जास्तच जोरात कुटायची.

आम्ही पेणला रामवाडीत राहतो. बाबा रोह्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि मला नोकरी लागली तीही रोह्यालाच, एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. त्यांची निवृत्ती होईपर्यंत आम्ही दोघं रोज सकाळी एकाच गाडीने जायचो. गाडी मी चालवायचे, ते शेजारी. गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नाही. नागोठणं सोडून गाडी खिंडीकडे वळली की त्यांचं सुरू व्हायचं, "डावं वळण, मोठं हाय. मग चढ. चढापलीकडं म्हशी." आणि असायच्याही! सुरुवातीला मी जाम वैतागायचे. "बाबा, मला दिसतंय, आंधळी नाय मी." ते म्हणायचे, "चढापलीकडचं दिसतंय काय गो?" पुढे पुढे मला त्या आवाजाशिवाय तो रस्ता चालवताच येईना.

लॅबमधल्या एकाने मला एकदा नाशिककडे रॅली बघायला नेलं. मातीचा रस्ता रहदारीला बंद केलेला, एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी. गाडीत दोघं. एक चालवतो, दुसरा आदल्या दिवशी हळू फिरून टिपून ठेवलेली वळणं वाचून दाखवतो. त्या दुसऱ्याला नॅव्हिगेटर म्हणतात आणि त्याला भलताच मान असतो. मी म्हटलं, अरेच्चा, हे तर आमच्याकडे रोज फुकट चालतं.

बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी आम्ही दोघांनी नाव नोंदवलं. हेल्मेटमध्ये ते फार गोड दिसायचे, चष्मा आत अडकायचा. बाकीची सगळी पोरंसोरं त्यांना 'सर' म्हणायची. आमचा नंबर कधी शेवटून तिसरा, कधी मधला. वर काही जाईना. कारण मला ठाऊक होतं आणि घड्याळालाही ठाऊक होतं. चढ आला की माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून सुटायचा. बाबा घसा खरवडून सांगायचे, "चढ, सरळ, रिकामा," तरी सुटायचाच. मी गाडी शिकले ती पेण-रोह्याच्या रस्त्यावर. तिथे चढापलीकडे एसटी असते, म्हैस असते, नाहीतर श्रावणात गवतात गुंडाळलेले गणपती घेऊन बैलगाडीच्या चालीने जाणारा टेम्पो असतो. त्या टेम्पोला ठोकण्यापेक्षा शेवटचा नंबर बरा, हे माझ्या पायाने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मग कुणीतरी सांगितलं, फिनलंडला जा, तिथले रस्ते म्हणजे नुसते चढच चढ, हा रोग तिथेच बरा होतो. आईने कपाळावर हात मारला. "गाडी चालवायला फिनलंड? अहो, दाराशी हायवे इतकी वर्षं उखडून ठेवलाय, तो कमी पडतोय का तुम्हाला?" पण आम्हाला पोह्याचे पापड बांधून दिले तिनेच.

तिथल्या रॅलीच्या शाळेतले आमचे शिक्षक म्हातारे होते, बोलायचे फार कमी. पहिल्या दिवशी ते माझ्या शेजारी बसले. पहिल्याच चढावर माझा पाय सुटला. त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि इंग्रजीत विचारलं, "त्या पलीकडे काय आहे असं वाटलं तुला?" मी खरं ते सांगितलं. म्हैस. ते हसले नाहीत. मला उतरवून चढाच्या माथ्यापर्यंत चालत नेलं आणि बोटाने दाखवलं. पलीकडे खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्चची पांढरी झाडं, बाकी शुकशुकाट. दुसऱ्या चढावर तेच. तिसऱ्यावरही तेच. दिवसभर आम्ही असे चढ चढून म्हैस नसल्याची खात्री करत हिंडलो. संध्याकाळी ते म्हणाले, "मी परवा नसेन, तुझे वडील असतील. ते रिकामा म्हणाले की रिकामा."

आठवड्याभरात माझा पाय टिकायला लागला. माथ्यावरून गाडी हवेत तरंगून चारही चाकांवर खाली यायची आणि बाबा पुढचं वळण वाचत असायचे. मी इतकी खूश कधीच नव्हते. बाबांचा घसा तेवढा बसला होता. आम्ही थंडीला शिव्या दिल्या, धुळीला दिल्या. ते ज्येष्ठमध चघळत वाचायचे.

मग तिथल्या एका क्लबची छोटी रॅली होती, तिच्यात आम्ही उतरलो. रेषेवर गाडी उभी राहिली की शेवटचे आकडे नॅव्हिगेटर मोजतो. बाबांची पद्धत ठरलेली होती. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि मग इंग्रजी 'गो'. माझे कान त्या 'गो'वर टांगलेले. समोर पहिलाच चढ उभा होता आणि मी मनात म्हणत होते, म्हैस नाय, म्हैस नाय. बाबांनी पाच म्हटलं, चार म्हटलं, आणि त्यांचं लक्ष माझ्या बाजूच्या काचेकडे गेलं. ती थोडी उघडी होती.

"काच वर कर गो."

सुटले की मी! गाडी बाणासारखी पुढे. मागे तिथला माणूस दोन्ही हात हलवत धावतोय आणि कानात बाबा ओरडतायत, "थांब गो! अगो थांब गो!" तीनदा 'गो' ऐकल्यावर मी आणखीच दाबली. काय झालंय ते मला पहिलं वळण गेल्यावर उमगलं, तोवर माघारी फिरायची सोय नव्हती.

दंड बसला. दंडाचे सेकंद धरूनही आम्ही आमच्या गटात पाचवे आलो, इतके वर आम्ही आयुष्यात कधी आलो नव्हतो. मी हसून हसून रडत होते. शिक्षकांना सगळं समजावून सांगितलं, की आमच्याकडे 'गो' म्हणजे जा नव्हे, बाईमाणसाला प्रेमाने हाक मारायची तऱ्हा आहे. त्यांनी 'थांब गो'चा अर्थ विचारला, तो मी सांगितला. मग बाबांकडे वळून म्हणाले, "गाडीत एका शब्दाला एकच अर्थ असावा."

मी ते तिथेच विसरले. बाबा विसरले नाहीत. शेवटी मास्तर ना, नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मला म्हणाले, "कॉफी घेतेस का गं?"

मला आधी वाटलं, आईची नक्कल करतायत. पण नाही. विमानात 'गं', पेणला आल्यावर 'गं', दारात चपला काढताना 'आलीस का गं'. तोंडात 'गो' आलाच तर अर्ध्यावर गिळायचे. फक्त गाडीत सोडला असता तर चाललं असतं, पण त्यांचं म्हणणं, जीभ गाडीत एक आणि घरात एक अशी वळत नाही, मोडायची तर सवय मुळातून मोडायची. आई एकदम खूश. "तीस वर्षं मी सांगून ऐकलं नाही, एका परक्या म्हाताऱ्याने सुधारलं!" मला मात्र ते मुळीच आवडलं नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी बाबांनी मला हाक मारल्यासारखं वाटायचं. दोनचारदा चिडलेही. ते म्हणायचे, "पुढच्या रॅलीत दंड नको."

घसा काही सुटेना. पेणच्या डॉक्टरांनी नवी मुंबईला पाठवलं, तिथे नळी घालून बघितलं, तुकडा तपासला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, सगळंच. बाबांनी जन्मात विडी ओढली नव्हती. आई म्हणत राहिली, खडूची धूळ, खडूचीच धूळ. डॉक्टर म्हणाले, नंतर एक छोटी झडप बसवून काहीजणांना बोलता येतं. बाबांनी त्यातलं 'काहीजणांना' ऐकलंच नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या सकाळी ते म्हणाले, "रोह्याला जाऊन येऊ." मी गाडी काढली. नागोठण्यानंतर त्यांनी वाचायला सुरुवात केली. हातात काही नव्हतं, सगळं पाठच. आवाज म्हणजे नुसती घरघर. "डावं, मोठं. चढ. माथ्यावर उजवं, लपलेलं." मी रस्त्याकडे बघत होते आणि मला रस्ता धड दिसत नव्हता. खिंडीच्या तोंडाशी ते म्हणाले, "सावकाश गं."

मला राहवलं नाही. "बाबा, आता कुठं शर्यत हाय? गो म्हणा की एकदा."

ते हसले. "नको. ही सवय मोडायला मला किती त्रास झालाय ठाऊक हाय? आता एकदा म्हटलं की परत जिभेवर बसायचं. पुढल्या वेळी फिनलंडला परत तुझी गडबड व्हायची."

पुढल्या वेळी! मी 'बरं' म्हटलं. चढ आला, ते म्हणाले, "रिकामा." मी पाय सोडला नाही. पलीकडे खरंच कुणी नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. झडपेचं जमलं नाही. दोनदा प्रयत्न केला, मग डॉक्टरांनीच हात टेकले.

बाबांनी फोनवर लिहायला साफ नकार दिला. पेणच्या बाजारातून मी दगडी पाटी आणि पेन्सिली आणल्या. त्यांचं अक्षर फार देखणं, पाटीवर तर अधिकच. पण पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'मला पाणी हवे आहे.' मग, 'तू जेवलीस का?' मग, 'आज शिफ्ट नाही का?' बोलताना ज्यांचं 'नाय' आणि 'हाय' संपायचं नाही, त्यांची लेखी भाषा पाठ्यपुस्तकातली होती. पोरांच्या वह्यांमधल्या 'नाय'वर जन्मभर लाल रेघ मारलेला माणूस, तो स्वतः 'नाय' कसा लिहिणार? म्हणजे आवाज गेला तो एकटा गेला नाही, रोह्याची बोलीही सोबत घेऊन गेला. घरात आता सगळं पुणेरी झालं. आईलाही ते सोसेना. एक दिवस पाटी वाचून ती म्हणाली, "अहो, 'पाणी दे गो' असं तरी लिहा." बाबांनी मान हलवली. तसं लिहीत नाहीत.

परत फिनलंडला जा, हा हुकूमही पाटीवरूनच आला. मी नको म्हणत होते. त्यांनी 'जा' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. या वेळी माझ्याबरोबर पुण्याची एक मुलगी होती, पट्टीची नॅव्हिगेटर, आवाज खणखणीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. रॅली तीच, रेषा तीच, समोरचा चढही तोच. सुरुवातीला कुणीतरी कॅमेरा लावला होता आणि पेणला फोनवर थेट दिसणार होतं. आई-बाबा सकाळपासून फोन घेऊन बसलेले.

पोरीने मोजायला सुरुवात केली. पाच, चार, तीन, दोन, एक.

"गो."

मी बसून राहिले. काय झालं ते आजही मला नीट सांगता येत नाही. आमच्याकडे नुसता 'गो' कुणी म्हणत नाही, त्याच्याआधी काहीतरी असतं. काच वर कर गो, थांब गो. ते आधीचं काय होतं, माझं ऐकायचं राहून गेलं काय, म्हणून मी शेजारी बघितलं. हेल्मेटमध्ये पोरगी होती. "गो! ताई, गो! काय झालं?" ती ओरडली तेव्हा माझा पाय हलला. मग मात्र मी कुठेही सोडला नाही. चढावर चढ गेले, ती रिकामा म्हणत गेली आणि मी हेल्मेटच्या आत भोकाड पसरून गाडी चालवत गेले.

गाड्या दुरुस्त करतात त्या मैदानात आल्यावर मी घरी फोन लावला. आईने उचलला.

"अगं, काय झालं तुला? बंद पडली का गाडी? हे कधीचे पाटी नाचवत होते माझ्यासमोर."

"काय लिहिलं होतं?"

"सुटायला उशीर का केलास, असं. आणि पुढे ते तुमचं 'गो'."

"काय?"

"गो गं. ग ला काना मात्रा. मीही दोनदा वाचलं."

मी खाली, टायरांच्या ढिगावर बसले. मग म्हटलं, "आई, पाटीला हात लावू नको. आधी फोटो काढ तिचा."

"पुसली गं, मगाशीच," आई म्हणाली. "त्यांना पाणी मागायचं होतं."