भिकुबाईच्या हातातल्या मुंग्या

धरणगावात भिकुबाईच्या पुरणाच्या मांड्यांना तोड नव्हती. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर असा खेळवायची की बघता बघता त्याचा रुमाल व्हायचा. तो कोपरापर्यंत लोंबला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद पसरायचा. लग्नघरची माणसं तिथी काढण्याआधी भिकुबाई मोकळी आहे ना, ते विचारून जायची.

त्याच हातांना एकोणनव्वद साली मुंग्या यायला लागल्या. बोटांच्या टोकांपासून सुरू व्हायच्या आणि मनगट, कोपर करत वर चढायच्या. तिची आई लकव्याने गेली होती, त्यामुळे आता आपलाही नंबर लागला, हे भिकुबाईने परस्पर ठरवून टाकलं. नवरा जीवराम तिला जळगावला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्याला सुई टोचली, मान हलवली.

"नसा उत्तम आहेत, बाई. मनाला काही घोर आहे का?"

"नही बा. बठ्ठं बरं शे," म्हणत तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

आता याला काय म्हणावं! घोर चांगला दोन वर्षांचा होता. लताला, तिच्या एकुलत्या एक लेकीला, बघायला धुळ्याची तानुबाई आली होती. येतानाच म्हणाली, पोरीच्या हातचे मांडे खाऊन मगच बोलणी. लताची साधी पोळीसुद्धा गोल व्हायची नाही. पण तालेवार घर हातचं जाऊ द्यायचं नाही म्हणून भिकुबाईने दार लोटून आत मांडे केले आणि लताने ते बाहेर नेऊन वाढले. तानुबाईने तिथल्या तिथे होकार दिला.

लग्न लागलं, पण खोटं काही मिटलं नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण असो की बारसं, सासरी मांडे सुनेनेच करायचे. मग लताचं पोस्टकार्ड यायचं, "माय, ये." एरवी लेकीच्या घरी उगीच जायची रीत नव्हती, आणि लताला तर लग्न झाल्यापासून एकदाही माहेरी धाडलं नव्हतं. भिकुबाई 'मदतीला' म्हणून जायची. मांड्याला नजर लागते, असं सांगून मायलेकी दार लावून घ्यायच्या. कार्ड हातात पडलं की बोटं शिरशिरायची आणि एसटीने पारोळं ओलांडलं की मुंग्या कोपराशी. हेच हात दुसऱ्याच्या लग्नात शंभर मांडे करायचे, तेव्हा एक मुंगी यायची नाही. तिला ते कळत होतं, पण सांगणार कुणाला? आपण लबाडी केली, हात थांबला की ती उघडी पडेल आणि लेकीला घराबाहेर काढतील, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहायचं.

पुढच्या वर्षी लताच्या नणंदेचं लग्न निघालं. माणसं फार, म्हणून तानुबाईने खापर अंगणात मांडायला लावलं, सगळ्यांसमोर. आता भिकुबाईला दार लावून घ्यायची सोय उरली नव्हती. तिने लताला ओढत धान्याच्या खोलीत नेलं.

"मी आज सांगी देस तुन्हा सासूले. मन्हा हात चालत नही."

लता खाली बघत होती. "तिले बठ्ठं माहीत शे, माय. पहिल्याच आखाजीले मी सांगी टाकं."

भिकुबाई पोत्यावर मटकन बसली. "मंग माले काब नही सांगं? मन्हा जीव गया ना!"

"सांगं असतं त तू येती का?" लता एकदम बोलून गेली. "ती माले माहेर धाडत नही. तिले मांडा लागतस, माले तू लागस. म्हनीसन मी गप ऱ्हायनू."

लेकीच्या कानाखाली वाजवावी की तिला पोटाशी धरावं, भिकुबाईला समजेना. शेवटी तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"विहीनबाई, खापर तपनं, या!" बाहेरून तानुबाईची गोड हाक आली.

भिकुबाई अंगणात जाऊन बसली. मुंग्या आता खांद्यापर्यंत आल्या होत्या. तरी तिने गोळा उचलला. आता हात थांबला, तर लेक दिसणार नव्हती.