साडूभाऊंचा तळहात

या जगात काय गरम आहे, काय कोमट आहे आणि काय उगीच गरम असल्याचं सोंग करतंय, हे छातीठोकपणे सांगू शकणारा एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांची सगळी नोकरी कागद कारखान्याच्या बॉयलरवर गेली, त्यामुळे उष्णतेला ते घरातलंच माणूस समजतात आणि तिच्याबद्दल कुणी बाहेरच्यानं वाटेल ते बोललेलं त्यांना खपत नाही. नमस्कार-चमत्कार झाले की ते समोरच्याचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडत नाहीत. नवख्या माणसाला वाटतं, काय हा जिव्हाळा! प्रत्यक्षात तपासणी चाललेली असते. चहाचा कप आधी तळहातावर, मग ओठाला. असीरगडला सगळे जण किल्ला बघत होते तेव्हा हे तटाच्या एका दगडावर हात ठेवून उभे होते आणि आज ऊन कुठून कसं फिरलं हे त्या दगडाकडून समजून घेत होते. एका लग्नात वाढपी "गरमागरम मावा जिलेबी" असं ओरडत पंगतीत आला. साडूभाऊंनी जिलेबीला बोट लावलं आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, गरम एक बार बोल, चालेल. दोन बार नको बोलू." मला एकदा सणकून ताप आला होता, निदान माझी तशी समजूत होती. अंगावर दोन पांघरुणं, उशाशी औषधं, बायको काळजीत. साडूभाऊ आले, कपाळावर तळहात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "काही नाही गं सुमन. पांघरुणानं तापून राह्यले. काढून टाक." पांघरुणं काढली आणि अर्ध्या तासात मी पोहे खात होतो. या बाबतीत त्यांच्याकडे भीडमुर्वत नाही. गरम नसलेल्या गोष्टीला ते कुणाच्याही समाधानासाठी गरम म्हणत नाहीत.

त्यांचा दुसरा बाणा म्हणजे कामाशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. "बॉयलरवर बिनकामाचा माणूस उभा नसतो," असं ते म्हणत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, होत्या तोवर त्याचं काही बिघडलं नाही, कारण ताईंना आमच्याकडे यायला काम लागत नसे आणि त्यांना स्कूटरवरून आणून सोडणं हे साडूभाऊंचं काम होतं. मग ताई गेल्या. दवाखान्यात त्यांच्या कपाळावर ठेवलेला हात साडूभाऊंनी उचलला आणि डॉक्टर काही बोलायच्या आत ते बाहेर बाकावर जाऊन बसले. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यानंतर त्यांनी आमच्या बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या घराकडे फिरकणंच सोडलं. दिवाळीला बोलावलं तर म्हणाले, "काय काम आहे?" फराळाला या, म्हटलं. "ते काम थोडीच आहे," म्हणाले आणि फोन ठेवला. दोघांपुरतं शिजणाऱ्या घरात राहिलेला माणूस एकट्यासाठी काय करत असेल, या विचारानं सुमनच्या घशाखाली घास उतरत नसे. "भाऊजींना कसंही करून पानावर आणा," असं ती मला रोज सांगायची आणि मी रोज मान हलवायचो. मान हलवण्यात मी पहिल्यापासून चांगला आहे.

शेवटी जे मला जमलं नाही ते माझ्या मूर्खपणाला जमलं. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात किंवा नातवंडं सांभाळतात. मी, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, पाच स्पीकर घेऊन आलो. समोरच्यांनी घेतले होते, एवढंच कारण. माझा डावा कान कधीच कामातून गेलेला आहे. म्हणजे स्पीकर पाच आणि ऐकणारा कान एक, असा तो संसार. या पाची स्पीकरांना जुंपून ठेवणारा एक काळा जाडजूड डबा असतो, त्याला दुकानदार रिसीव्हर म्हणतो. आमच्या घरी त्याचं नाव सेट. दुकानदारानं तो कुठंतरी मोकळ्या हवेत ठेवा असं सांगितलं होतं. आमच्या दिवाणखान्यात मोकळी हवा असलेली जागा म्हणजे दार, आणि दारात सेट ठेवता येत नाही. मी तो भिंतीतल्या फडताळात बसवला. पहिले काही दिवस मी खिडक्या उघड्या ठेवून भजनं लावली, म्हणजे समोरच्यांना कळावं. मग एक दिवस अभंग रंगात आलेला असताना सेटच्या पडद्यावर इंग्रजीत 'प्रोटेक्ट' अशी अक्षरं लुकलुकली आणि सगळं गप्प झालं. थोड्या वेळानं चालू केला, दोन कडवी गायला आणि पुन्हा गप्प. हात लावून पाहिला तर चटका बसला. मी घाबरून ओरडलो, "सेट तापलाय!" आणि सुमननं कढईतला झारा तसाच हातात धरून विचारलं, "किती तापलाय?" मी म्हटलं, ते मला काय माहीत. ती म्हणाली, "मग ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा की." त्या क्षणी मला कळलं की आमच्या घरात डोकं कुणाच्या खांद्यावर आहे.

फोन केला आणि पंधरा मिनिटांत साडूभाऊंची स्कूटर दारात. चपला काढल्या, कुणाशी न बोलता फडताळापाशी गेले, सेटवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. मी परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसा उभा. "साडूभाऊ," ते डोळे उघडून म्हणाले, "हा सेट नाही. भट्टी आहे. वॉरंटी आहे ना?" वॉरंटी होती. "मग काम आहे," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. कितीतरी महिन्यांनी ते आमच्या घरात बसले होते. सुमननं आतून न विचारताच दोन भाकरी जास्तीच्या थापल्या.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला तक्रार म्हणणं म्हणजे तापीला ओहोळ म्हणण्यासारखं आहे. रोज जेवायच्या वेळेला साडूभाऊ येणार, सेट तपासणार आणि कंपनीला फोन लावणार. मी असा फोन केला की मला दोन दाबा, चार दाबा, सात दाबा असं सांगत सांगत शेवटी पुन्हा पहिल्या बाईकडे आणून सोडतात, आणि एखादा माणूस भेटलाच तर मी आधी चिडतो, मग माफी मागतो आणि काम सांगायचं विसरतो. साडूभाऊंचं तसं नव्हतं. पलीकडची मुलगी पाठ केलेलं वाक्य म्हणायला लागली की हे मधेच विचारायचे, "बेटा, खाना खाया?" पाठ केलेलं वाक्य तिथंच तुटायचं. मग ती मुलगी म्हणायची, "नहीं अंकल, अभी ब्रेक नहीं हुआ." मग बेटा कुठली, घरी कोण कोण, आईचे गुडघे दुखतात का, दुखत असतील तर शेक कसा द्यावा, पाणी किती गरम असावं आणि ते हातानं कसं ओळखावं, असा सगळा विषय व्हायचा. शेवटी मुलगी ओशाळून विचारायची, "अंकल, आपने सेट को एक बार बंद करके चालू किया?" साडूभाऊ म्हणायचे, "बेटा, बंद तो वो खुद ही हो जाता है. हम खाली चालू करते हैं." तोवर पानं वाढलेली असायची. फोन स्पीकरवर, डाव्या हाताला कंपनी आणि उजव्या हातात भरताचा घास.

कंपनीचं म्हणणं असं की बुऱ्हाणपूर इंदूरच्या माणसाकडे येतं. इंदूरचा माणूस म्हणे, तुमच्या गावाला खंडव्याचा येईल. खंडव्याला म्हणे माणूसच नाही. जळगावला एक मेकॅनिक होता, तो यायला तयार होता, पण तो पडला महाराष्ट्रातला आणि कंपनीच्या कॉम्प्युटरला आमचा पिनकोड मध्य प्रदेशात दिसत होता. मी भूगोलाचा मास्तर, मला राज्यांच्या सीमा कशा ठरल्या ते तोंडपाठ, पण त्या माझ्या फडताळातून जातात हे माहीत नव्हतं. मी वैतागलो की साडूभाऊ भाकरी मोडत म्हणायचे, "होईल. घाई कशाला करून राह्यले? काम चालू आहे ना?" आणि सुमन भाजी वाढत माझ्याकडे असं बघायची, की मी लगेच वैतागणं सोडून लोणचं मागायचो.

आणि अखेर इंदूरहून माणूस आला. टक्कल पडलेला, गंभीर, पाठीवर पिशवी. साडूभाऊ पाहुणा येणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून हजर. त्या माणसानं सेट फडताळातून काढला, झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं चिमट्यानं काहीतरी काळं, वाळलेलं बाहेर काढलं. एक काढलं, दुसरं काढलं, सतरंजीवर ढीग लावला. "अंकल," तो म्हणाला, "इसके ऊपर केले कौन रखता है?"

आता इथं मला सांगावं लागेल. तुकईथडला माझा चुलतभाऊ केळी लावतो. दर काही दिवसांनी त्याच्याकडून हिरवा घड येतो. बुऱ्हाणपुरात हिरवा घड घरात आला की तो कुठं पिकत घालायचा हा प्रश्न प्रत्येक घराला असतो. कुणी गव्हाच्या कोठीत घालतं, कुणी पोत्यात गुंडाळतं. मला असं आढळलं की सेटवर एक फणी ठेवली तर ती कशी एकसारखी, डाग न पडता पिवळी होते. मी हा शोध कुणाला सांगितला नव्हता, कारण माझ्या आयुष्यात तेवढाच एक शोध होता. भजन चालू, सेट गरम, वर केळी पिकतायत, आणि केळ्यांच्या टोकांची वाळकी फुलं झाकणाच्या फटींतून निवांत आत पडतायत. वरून चीक. आणि साडूभाऊ? ज्यांच्या तळहाताला दगडातलं सकाळचं ऊन कळतं, ते साडूभाऊ इतके दिवस रोज ती केळी उचलून बाजूला ठेवत होते, सेटवर हात टेकवून "भट्टी" म्हणत होते आणि केळी पुन्हा जागच्या जागी ठेवत होते. त्यातलं एक सोलून खातही होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी फुलांच्या ढिगाकडे पाहिलं.

"केले रखे तो वॉरंटी नहीं मिलती, अंकल," माणूस म्हणाला. साडूभाऊंनी सदऱ्याची बाही सावरली आणि सेटबरोबर आलेलं पुस्तक मागवलं. "ये देखो. लिखा है फूलदान मत रखो. मोमबत्ती मत रखो. पानी का बरतन मत रखो. केला किधर है? बताओ." त्या माणसानं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. केळं खरोखरच नव्हतं. तो इतका मनापासून हसला की त्याचं टक्कल लाल झालं. मग त्यानं आतला पंखा बोटानं ढकलून पाहिला आणि म्हणाला की पंखा कारखान्यातूनच अडकलेला आलाय, एकदाही फिरलेला नाही, तेव्हा सेट वॉरंटीत बसतो. केळ्यांनी फक्त हातभार लावला. त्यानं पंखा बदलला, आतली एक जळकी पट्टी बदलली, आमच्याकडे जेवला आणि निघताना सुमनला म्हणाला, "भाभीजी, अब कभी गरम नहीं होगा." सुमननं साडूभाऊंकडे पाहिलं. मी एकटाच येडा खूश झालो होतो.

तो माणूस खरं बोलला होता. सेट गरम झाला नाही. मी सकाळी लावायचो, दुपारी लावायचो, आवाज वाढवायचो, आणि तो आपला गार. साडूभाऊंनी एकदा फोन करून विचारलं, "ठीक चालतोय ना?" मी अभिमानानं म्हणालो, "एकदम!" "बरं झालं. काम झालं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. सुमननं सवयीनं जास्तीच्या भाकरी केल्या आणि रात्री त्या दुधात कुस्करून मला खाव्या लागल्या. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. पाचही स्पीकर स्वच्छ, सुरेल गात होते आणि आमचं घर इतकं गप्प याआधी कधी वाटलं नव्हतं. मलाही त्यांची आठवण येत होती, हे इथं सरळ सांगून टाकतो. माझ्या एका चांगल्या कानाच्या बाजूला तेच बसायचे.

मग मी सेट बिघडवायला लागलो. त्यावर केळी ठेवली, कांबळं टाकलं, फडताळाचं दार लावून घेतलं. नवा पंखा आत शांतपणे फिरत राहिला. जन्मात पहिल्यांदा एक वस्तू बिघडावी असं मला वाटत होतं आणि नेमकी तीच बिघडत नव्हती. शेवटी मी फोन उचलला आणि धडधडीत खोटं बोललो. "साडूभाऊ, सेट परत तापतोय."

पंधरा मिनिटांत स्कूटर. चपला निघाल्या. साडूभाऊ जरा वाळल्यासारखे दिसत होते. ते फडताळापाशी गेले, केळी बाजूला केली आणि सेटवर तळहात टेकवला. घाईगडबडीत मी सेट चालू करायचाच विसरलो होतो. लोखंड गारढोण होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज थांबला. ज्यांनी भर पंगतीत जिलेबीला सोडलं नाही, माझ्या तापाला सोडलं नाही, ते साडूभाऊ डोळे मिटून उभे होते आणि त्यांचा हात त्या थंड डब्यावरून हलत नव्हता. मला वाटलं, आता संपलं.

"गरम आहे," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं. त्यांनी डोळे अजून उघडले नव्हते.

"बराच गरम आहे, साडूभाऊ. हे काम आता लांबणार. उद्या परत यावं लागेल मला, परवा पण." मग त्यांनी हात काढला, केळी पुन्हा सेटवर जागच्या जागी ठेवली आणि आतल्या दिशेला तोंड करून विचारलं, "सुमन, भाजी कसली केली गं आज?"