रोट मागितला तेव्हा

मी पहूरचा. नकला करायची खोड लहानपणापासूनची. नरडाण्याच्या शाळेत चौथीचा वर्ग मिळाला तेव्हा वाटलं, आपलं काम सोपं आहे. अर्धी पोरं घरी अहिराणी बोलतात, काही पावरी, आणि कारखान्यांमुळे आलेली बिहारची, ओडिशाची. सगळ्यांच्या आवाजात बोललो की वर्ग हसायचा. हसला म्हणजे एक झाला, असं मी धरून चाललो होतो.

श्रावणात मी उपक्रम काढला. ज्याच्या घरी सण असेल त्याच्याकडे जायचं, बघायचं आणि वर्गात सांगायचं. आमच्याकडे खानदेशात तेव्हा कानबाई, कुळाच्या देवीचा सण. बिहारहून आलेली एक पोरगी तिच्या मैत्रिणीचा हात धरून दुपारच्या सुट्टीत त्या मैत्रिणीच्या घरी गेली. घर शाळेच्या मागेच. आत रोटाची, म्हणजे देवीच्या प्रसादाची, पंगत बसलेली. ही सरळ पंगतीत बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

मैत्रिणीच्या आजीने तिला उठवलं. "वाईट नको मानू, पोरी. हाऊ रोट भाऊबंदकीनाच शे, दुसराले देतस नही." मग तिला बाहेर ओट्यावर बसवून चहा-बिस्किटं दिली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या खोलीवर गेलो. आईने दारातच धरलं.

"सर, परसाद माँगनेवाले को कोई बाहर बिठाता है? हमरे यहाँ छठ में बड़े-बड़े लोग आँचल फैलाके माँगते हैं. हम ही सिखाए थे इसको."

तिच्याच सुरात काहीतरी गमतीचं बोलणार होतो. पोरगी आईच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभी होती. आता हिला शाळेत पाठवणार नाही, गावी आजीकडे ठेवू, असं आई म्हणाली.

मी एवढंच सांगितलं, "भाभी, माझी सख्खी बहीण आहे. लग्न झाल्यापासून तिलाही आमच्या घरचा रोट देत नाहीत. ती दुसऱ्या कुळाची झाली ना."

"अपनी बहन को भी नहीं?"

"नाही. ती बाहेरच बसते."

आई म्हणाली, "ई तो आप ही लोग पर जुलुम है."

पोरगी शाळेत यायला लागली, पण बसायची पार टोकाला. मैत्रीण तिच्याकडे बघायची नाही. वर्गात सणांवरचा धडा मी शिकवला. 'सर्व सण आपले' असं फळ्यावर लिहिलं आणि तिकडे पाठ करून उभा राहिलो. कोणता सण कोणाचा, हे त्या दोघींना माझ्यापेक्षा बरं कळलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बिहारची पोरगी छठच्या प्रसादाचे डबाभर ठेकुआ घेऊन आली. गव्हाच्या पिठाचे, गुळाचे, तळलेले. पोरांनी गर्दी केली, "मले दे, मले दे!" मैत्रीण जागेवरच बसून होती. डबा तिच्यापर्यंत गेला तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "मी तुले दिधं नही. मंग मी कशी मांगू?"

"माँगेगी नहीं तो दूँगी कैसे?" बिहारची पोरगी म्हणाली. "माँगना पड़ता है."

मैत्रिणीने फ्रॉकला हात पुसले आणि दोन्ही हात पुढे केले.