टर्बो कोणामुळे गेला

चांदणी चौकाच्या चढावर आमच्या डिझेल गाडीने मान टाकली, तेव्हा स्टिअरिंगवर बाबा होते. शिट्टीसारखा आवाज, मागे निळा धूर, आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढे सरकेना. सर्व्हिस सेंटरने टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा, बदलण्याचं एस्टिमेट दिलं ब्याऐंशी हजारांचं. मी कारण विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "चढ चढून आल्या आल्या इंजिन बंद करत असतील, मग तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत नाही. वयस्कर माणसं करतात." मला तेवढं पुरे होतं.

बाबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. डिझेल वाचावं म्हणून सोसायटीच्या फाटकातच इंजिन बंद करून गाडी घरंगळत पार्किंगपर्यंत नेणारा माणूस. घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. "बाबा, आता बास. यापुढे तुम्ही गाडी चालवायची नाही." त्यांनी किल्ली टीव्हीशेजारी ठेवली आणि जेवायला बसले. त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आई गेल्यापासून दर शनिवारी गाडी काढून खडकीच्या जुन्या मित्रांकडे जाणं, एवढंच त्यांचं स्वतःचं उरलं होतं. हे मला ठाऊक होतं, तरी राग उतरेना.

दोन दिवसांनी वारज्यातल्या एका जुन्या मेकॅनिकला दाखवायचं म्हणून गाडी ओढून नेली. बाबाही सोबत आले. मेकॅनिकने पाइप काढला, आत बोट घालून टर्बोचा पंखा हलवला. तो खुळखुळत होता.

"इंजिन लगेच बंद केल्यामुळेच ना?" मी विचारलं. मला ते बाबांसमोर, त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्याने ऑइल मोजायची पट्टी काढून फडक्यावर पुसली. नुसतं डांबर. "तेवढ्याने एवढं होत नाही, ताई. ह्या ऑइलने बेअरिंग खाल्लंय. कधीपासून बदललं नाही?"

दिवाळीआधी बाबा सर्व्हिसिंगची वेळ ठरवून आले होते आणि मीच फोन करून ती रद्द केली होती. "गाडी चाललीच कुठे? ऑइल काय बसल्या जागी नासतं का?" असं वर त्यांनाच सुनावलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही हेच. काटकसर मी कोणाकडून उचलली ते सांगायला नको.

बाबा चष्मा पुसत होते. "राहून गेलं," ते मेकॅनिकला म्हणाले. "गाडीचं सगळं मीच बघतो. माझ्याच डोक्यातून निसटलं."

"मग टर्बो बदला आणि भोगा, काका," तो म्हणाला.

बाबांनी मान डोलावली. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते, आणि मी त्यांना ते बोलू दिलं.