गाण्यातलं विठाबाईचं नाव

कामशेत ते पवनानगर मी जीप चालवतो, आणि जीपवाल्याला लोकांची मतं फुकटात ऐकावी लागतात. पावसावर मत, सरपंचावर मत, माझ्या गिअर टाकण्यावर मत. पण आमच्या तिकोणा पेठेतल्या कोमल आणि अमृता या सख्ख्या बहिणींनी स्वतः गाणी रचून, स्वतः चाली लावून अल्बम काढला, तेव्हापासून जो मूर्खपणा कानावर पडला, त्याला तोड नाही.

पोरी गुणाच्या. कोमल लोणावळ्याला हॉटेलात रिसेप्शनवर असते, धाकटी अमृता कॉलेजात जाते. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करताना बाया जशी गाणी म्हणतात, त्या धाटणीची आठ गाणी त्यांनी केली, तळेगावात रेकॉर्ड केली आणि मोबाइलवर टाकली. मी ती पेन ड्राइव्हवर भरून घेतली आणि जीपमध्ये लावायला लागलो.

झालं, मतं सुरू. देहूरोडच्या डेपोतून रिटायर झालेले एक आबा म्हणाले, "आवाज बरा हाय, पन ह्यात देवाचं नाव कुटं हाय?" धरणाच्या काठाला तंबू भाड्यानं देणारा कैलास म्हणाला, "ह्याच्यावर बीट टाका, मग माझी पब्लिक नाचंल." त्याच्याकडं उतरलेली पुण्याची एक बाई डोळे मिटून म्हणाली, "किती मातीतलं आहे ना!" आणि पहिलं कडवं संपायच्या आत फोनवर फ्लॅटच्या पार्किंगवरून भांडायला लागली. यांना कान दिलेत ते चष्मा अडकवायलाच, असं माझं मत झालं. माझंही एक असू दे की.

या सगळ्यांत मत न देणारं माणूस एकच. विठाबाई.

विठाबाई सत्तरीच्या पुढची. नवरा कोंडाजी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. उन्हाळ्यात लोणावळ्याच्या रस्त्याला बसून करवंदं-जांभळं विकते, एरवी कैलासच्या तंबूंवर भांडी घासते. बाकी सगळा जन्म दुसऱ्यांच्या खाचरांत वाकून गेला. या बाईला नाव आहे हे गाव विसरून गेलं होतं. ती थोरली. जावांची थोरली, पुतण्यांची थोरली काकी, शेजारपाजाऱ्यांची थोरली. मी मावशी म्हणतो, म्हणजे मीसुद्धा नाव घेत नाहीच. कोंडाजी तर उभ्या संसारात "अगं ए" एवढ्यावर भागवायचा.

अल्बममधलं तिसरं गाणं बायांचं आहे. या पोरी लहानपणी बांधावर खेळायच्या, तेव्हा खाचरात ज्या बाया असायच्या त्यांची नावं त्यात एकेक करून येतात.

"भागू आली, नंदा आली, मूठ रोपाची हाताला,
मागनं आली विठाबाई, आवणी आली रंगाला."

विठाबाई सगळ्यांच्या शेवटी येते, आणि तिच्या नावावर दोघी बहिणी आवाज असा लांबवतात की माझा पाय आपसूक ॲक्सिलरेटरवरून सुटतो. सगळं गाणं त्या नावापाशी येऊन उभं राहतं.

तिनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती करवंदांची पाटी मांडीवर घेऊन मधल्या सीटवर बसली होती. म्हणाली, "ही कोन विठाबाई रं?"

"तूच की मावशी. दुसरी कोन हाय हितं?"

ती पदर तोंडाला लावून बाहेर बघत राहिली. घाट उतरल्यावर हळूच म्हणाली, "पुन्यांदा लाव."

त्यानंतर कामशेतला काही काम नसलं तरी ती जीपमध्ये येऊन बसायला लागली. जायची, यायची, गाणं ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "जत्रंला म्हननार हायेत का पोरी हे?" मी म्हटलं, म्हणणार आहेत, कमिटीनं बोलावलंय. "मंग समद्या गावाला ऐकू जाईल," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिला जत्रेशिवाय दुसरा विषय नव्हता. पेटीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात घालून ठेवलं. तिला काही मिळवायचं नव्हतं. आपलं नाव गावासमोर एकदा म्हटलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

आता रखमाजी. हा जत्रा कमिटीचा पुढारी आणि विठाबाईचा सख्खा पुतण्या. लग्नपत्रिकेत आपलं नाव खालच्या ओळीत छापलं म्हणून चुलतभावाच्या लग्नात ताटावरून उठून आलेला माणूस. तो एक दिवस जीपमध्ये बसला, तिसरं गाणं लागलं आणि यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांबीव गाडी. धाकल्या घरच्या भागूबाईचं नाव आदी आन् थोरलीचं शेवटाला? आमचं थोरलं घर हाय. नारळाचा पयला मान आमचा."

मी म्हटलं, "भाऊ, हे गानं हाय, पंगत न्हाई."

"गानं झालं म्हनून थोरल्या-धाकल्याचं भान सोडायचं व्हय?"

या माणसानं काकीला कधी अर्धा कप चहा विचारला नाही. तिच्या घराची कौलं उडाली तेव्हा ताडपत्री मी टाकली, हा ओट्यावर उभा राहून कशी टाकायची ते सांगत होता. आणि आता याला काकीच्या मानाचा उमाळा आला. किळस आली मला.

मग गावानं डोकंच सोडलं. ज्यांनी गाणी ऐकलीही नव्हती त्यांची मतं सगळ्यांत ठाम. अल्बम चांगला की वाईट हे घरावर ठरायला लागलं. थोरल्या घराला चाली चोरलेल्या वाटायला लागल्या. धाकल्या घरातला संदेश, भागूबाईचा मुलगा, जो आधी पोरी बेसूर आहेत म्हणत हिंडायचा, त्यानं तेच गाणं फोनची रिंगटोन करून टाकलं. नंदाबाईचं नाव मधोमध, म्हणून तिच्या घरचे म्हणाले, गाणी मध्यम आहेत.

विठाबाईला कुणी काही विचारलं नाही. मी रखमाजीला म्हटलं, काकीला तरी एकदा विचार. तो म्हणाला, "तिला काय कळतंय त्यातलं?"

जत्रेच्या दिवशी दुपारी, कुस्त्यांच्या आधी, देवळासमोर पोरींचं गाणं होतं. स्टेजच्या मागं रखमाजीनं कोमलला गाठलं आणि थोरलीचं नाव आधी घ्यायला सांगितलं. संदेश तिथंच टपलेला. आईचं नाव खाली गेलं तर माइकची वायर उपटीन म्हणाला. मग रखमाजीनं विचार केला आणि तोडगा काढला. नावंच नकोत. नुसतं 'बाया' म्हणा, कुणाचा अपमान व्हायला नको. कमिटीनं माना डोलावल्या. एवढ्या डोक्यांतून एवढंच निघालं.

अमृता म्हणाली, मग आम्ही गातच नाही. तेव्हा कमिटीवाल्यांनी पोरींच्या बापाला बाजूला घेतलं, काय सांगितलं ते सांगितलं, आणि त्या भल्या माणसानं पोटच्या पोरींपुढं हात जोडले. कोमलनं बहिणीचा हात धरला आणि स्टेजवर गेली.

मी विठाबाईला सांगायला पुढं धावलो, तर रखमाजी आधीच तिथं. तिला जमिनीवरच्या बायांतून उठवून त्यानं पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं, अंगावर शाल, मांडीवर नारळ. माइकवर म्हणाला, "थोरल्या घरच्या थोरल्या काकी, कैलासवासी कोंडाजी यांच्या पत्नी." टाळ्या पडल्या. मी तिच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो. तिचं कुणाकडं लक्ष नव्हतं, नजर स्टेजवर.

पोरी गायला लागल्या.

"बाया आल्या, बाया आल्या, मूठ रोपाची हाताला,
मागनं आल्या साऱ्या बाया, आवणी आली रंगाला."

साऱ्या आधीच आल्या होत्या तर मागनं कोण आलं, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. लोक खूश. रखमाजी संदेशच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आता कसं झ्याक झालं."

गाणं संपलं तरी विठाबाई तशीच पुढं वाकून बसलेली. मग तिनं माझी बाही ओढली.

"सीताराम, माझं यून ग्येलं का रं? मला काय ऐकू आलं न्हाई."

"आलंच न्हाई मावशी. काढून टाकलं त्यांनी."

"मी काय केलतं?"

"तू काय न्हाई केलंस. त्यांनी तुझा मान राखला."

तिनं शाल काढून घडी केली, खुर्चीवर ठेवली, नारळ शालीवर ठेवला आणि घराकडं चालायला लागली. रखमाजी माइकवरून ओरडत होता, थोरल्या काकींनी जरा थांबावं, फोटो काढायचा राहिलाय.