स्वयंभूच्या पुढच्या पायऱ्या

काठमांडूला मी दोनदा गेले. पहिल्यांदा नवऱ्याबरोबर, भन्तेजींनी नेलेल्या यात्रेत. दुसऱ्यांदा दहा-अकरा वर्षांनी, कबड्डीच्या दहा मुली आणि नवऱ्याची थोरली बहीण यांना घेऊन. आयुष्यात परदेश पाहिला तो एवढाच, आणि तोही पुन्हा तोच कशाला, असं लोक विचारतात. मला ते शहर आवडलं, हेच कारण. तिथं कुठूनही कुठेही पायी जाता येतं. चौकाचौकांत बायका मुळे आणि मोहरीचा पाला मांडून पाठीवर ऊन घेत बसलेल्या असतात, भाव विचारला तर सांगतात, नाही घेतलं तर रागावत नाहीत. आणि पहिल्या खेपेला आठ दिवसांत मला एकानंही आडनाव विचारलं नाही. नागपुरात ते आठ मिनिटांत विचारतात.

पहिल्या खेपेला माझी मुलं लहान होती, एक सहा वर्षांचा, एक चार. त्यांना सांभाळायला नवऱ्याच्या बहिणीनं, म्हणजे आमच्या ताईंनी, गिरणीतून रजा काढली होती. ताई लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, आमच्याच घरी राहायच्या. मी परत आले तेव्हा थोरल्याचे पाढे पाठ झाले होते आणि धाकट्याची रडायची सवय गेली होती. मी त्यांच्यासाठी पितळेची छोटी घंटा आणली. ती त्यांनी तथागतांच्या फोटोपुढे ठेवली आणि विचारलं, स्वयंभूच्या स्तूपाला पायऱ्या किती. मी म्हटलं, तीनशे पासष्ट, मी एका दमात चढले. मी शाळेत खेळाची शिक्षिका, मला त्याचा अभिमान होता. ताईंनी घंटा एकदा वाजवून पाहिली.

पुढे चारेक वर्षांनी काठमांडूत चित्रीकरण झालेला एक हिंदी सिनेमा सीताबर्डीच्या टॉकीजला लागला. त्यात नायिका स्वयंभूच्या पायऱ्या पळत चढते, पाठीमागून गाणं वाजतं, माकडं बाजूला होतात. ताईंनी तो पाच वेळा पाहिला. एकदा मी बरोबर होते. गाणं ऐन रंगात असताना ताई पडद्याकडे बघतच मला म्हणाल्या, "ह्याच पायऱ्या नं? तू ह्या चढली, तवा मी इकडं तुह्या पोरांले राखून राहिली होती."

रागानं नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. पण माझ्या ते डोक्यात बसलं.

म्हणून काठमांडूच्या एका क्रीडा संस्थेनं आमच्या महिला मंडळाला, जिथं मी वस्तीतल्या मुलींना कबड्डी शिकवत असे, दोन मैत्रीच्या सामन्यांसाठी बोलावलं तेव्हा ताईंना न्यायचंच, असं मी ठरवलं. मुलींचे आईबापही एकट्या माझ्याबरोबर पाठवायला तयार नव्हते. ताई येणार म्हटल्यावर सगळ्यांनी होकार दिला. वस्तीत त्यांचा तसा धाकच होता. अडचण एकच होती. तीस वर्षं गिरणीत उभ्यानं काम करून ताईंचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी जिने बंद केले होते. आमच्या घरी त्या खालच्या खोलीत राहायच्या आणि वाळवण घालायलाही गच्चीवर जात नसत. मी आधीच चौकशी करून ठेवली की स्वयंभूच्या मागच्या बाजूनं गाडीचा रस्ता आहे, जवळजवळ वरपर्यंत जातो. ताईंना मी तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची आहे असं मी समजले.

दिवाळीच्या सुटीत निघालो. पाटण्यापर्यंत मोठी गाडी, मग गंगेवर बोट, मग लहान रुळाची गाडी, सरहद्दीवर टांगा आणि पुढे दिवसभर घाटातून बस. दहापैकी सहा मुलींना बस लागली. ताईंना काही झालं नाही. त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला, हे सिनेमात होतं, हे नव्हतं, असं सांगत होत्या.

शहर बदललं होतं. जीपगाड्या वाढल्या होत्या, लांब केसांचे गोरे तरुण ओट्याओट्यांवर बसलेले दिसत, परदेशी मालाची दुकानं निघाली होती. पण मुळे आणि मोहरीचा पाला होता तिथंच होता. पहिल्या दिवशी मी मुलींना काठमांडूलगतच्या पाटण गावाचा चौक दाखवला. ताईंनी त्यांना सिनेमातलं हॉटेल दाखवलं, म्हणजे त्याचं फाटक. दुसऱ्या दिवशी सामना झाला आणि आम्ही अकरा गुणांनी जिंकलो. तिसरा दिवस मोकळा होता, तो भक्तपूरमध्ये गेला. चौथ्या दिवशी दुपारी तीनला दुसरा सामना, आणि पाचव्या दिवशी पहाटे परतीची बस. स्वयंभूसाठी राहिली ती चौथ्या दिवसाची सकाळ.

सामन्याच्या दिवशी माझा नियम असा की मुलींनी चालायचं नाही. जेवून भिंतीला पाय टेकवून पडून राहायचं. कबड्डीत जे काही आहे ते मांड्यांत आहे. त्यामुळे मी सगळं घड्याळ लावून बसवलं. साडेसातला मागच्या रस्त्यानं वर जायचं, वंदना घ्यायची, फोटो काढायचे, साडेनऊला खाली.

सकाळी निघताना ताई पांढरं पातळ नेसून आल्या. कडक इस्त्रीचं. नागपुराहून गादीखाली घडी घालून आणलं होतं. गाडी टेकडीच्या पायथ्याशी वळायला लागली तशी त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि उतरल्या. समोर रंगवलेल्या तीन मोठ्या बुद्धमूर्ती, आणि त्यांच्यामागून झाडांमधून सरळ वर गेलेल्या पायऱ्या.

मी म्हटलं, ताई, गाडीत बसा, वेळ नाही.

"तू जा वं गाडीनं," ताई म्हणाल्या. "मी इथूनच येतो."

मी त्यांना गुडघ्यांची, डॉक्टरांची आठवण करून दिली, शेवटच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत हे सांगितलं, देवाच्या दारी कोणत्या बाजूनं गेलो याला महत्त्व नसतं असंही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "देव कुठं आहे इथं? आपल्यात देव नाही." आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मी दोन राखीव मुलींना ताईंबरोबर ठेवलं, बाकी आठ जणींना गाडीनं मागून वर पाठवलं, आणि स्वतः ताईंच्या मागे राहिले. पडल्या तर झेलायला कोणी हवं. पहिल्या साठ-सत्तर पायऱ्या कमी चढाच्या आहेत, त्या झाल्या. मग ताईंचा डावा गुडघा वाकेना. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. माकडंही आम्हाला कंटाळून निघून गेली. दोन्ही मुली त्यांच्या काखेत हात घालून ओढत होत्या, आणि त्यांचंच दम लागून तोंड लाल झालं होतं. घड्याळात साडेआठ झाले होते. शंभराव्या पायरीशी मी ताईंना म्हटलं, की इथवर आलात, खूप झालं, खाली जाऊ आणि गाडी परत बोलावू.

ताई पायरीवर बसल्या. चेहऱ्यावर घाम होता. पदरानं तो पुसून म्हणाल्या, "मी काय रोज येऊन राहिली का इथं?"

त्यांचं खरं होतं. त्या पुन्हा येणार नव्हत्या. मीही नव्हते. सामने पुढेही झाले असते, मंडळ सुरू असेपर्यंत दर वर्षी होणार होते. हे मला तेव्हा समजलं, पण घड्याळही दिसत होतं, म्हणून मी तोंडानं नाहीच म्हणत राहिले.

तेवढ्यात वरून आमच्या आठही मुली खाली येताना दिसल्या. वर वाट पाहून कंटाळल्या, कठड्यावरून खाली पाहिलं, त्यांच्या आत्या, म्हणजे ताई, बसलेल्या दिसल्या, आणि निघाल्या. दोनशे साठ पायऱ्या उतरून आल्या होत्या. म्हणजे आता तेवढ्या चढाव्या लागणार होत्या. मी कर्णधार मुलीला विचारलं, कोणी सांगितलं होतं उतरायला.

"कोणी नाही, बाई," ती म्हणाली. "पण ह्या दोघी चुकीचं धरून राहिल्या. मनगट नाही धरलं."

हे मात्र मला मान्य करावं लागलं. कबड्डीत साखळी करताना तळहात धरायचा नसतो, घामानं सुटतो. मनगटाला मनगट अडकवायचं असतं. हे मीच त्यांना तीन वर्षं शिकवत होते. आता झालीच आहे गोष्ट तर नीट होऊ दे, असं म्हणून मी सगळं हातात घेतलं. चूक माझी झाली ती इथं. मी अर्ध्या मुलींना बाजूला बसवायला हवं होतं. त्याऐवजी मी दहाही जणींच्या जोड्या लावल्या. पुढे एक जोडी, हातांची साखळी करून, ताईंनी तिला धरायचं. मागे एक जोडी, ताईंच्या कमरेमागून साखळी, वर रेटायला. वीस पायऱ्या झाल्या की जोड्या बदलायच्या, बाकीच्यांनी बरोबरीनं चढत राहायचं. मी शिट्टी गळ्यातच घातली होती, ती वाजवून जोड्या बदलल्या. यात्रेकरू थांबून बघत होते. एका म्हाताऱ्या नेपाळी बाईनं ताईंना हात जोडले, ताईंनी साखळी न सोडता मानेनंच जयभीम केला.

शेवटच्या पायऱ्या खरोखर उभ्या आहेत, मधे लोखंडी कठडा आहे. तिथं ताई कठड्याला एका हातानं आणि कर्णधार मुलीला दुसऱ्या हातानं धरून चढल्या. दहा वाजून गेले होते. वर आल्यावर त्यांनी आधी पदर सारखा केला. पातळाच्या निऱ्या नीट केल्या आणि आम्ही सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. सोनेरी कळसाखालचे ते रंगवलेले मोठे डोळे नेहमीसारखे समोर बघत होते.

वर एक चहावाला होता. त्याच्या बाकड्यावर ताईंना बसवलं. चहा पिता पिता ताईंनी त्याला आपल्या गिरणीतल्या हिंदीत विचारलं, सिनेमावाले आले तेव्हा तू होतास का. तो होता. त्यानं सांगितलं की नायिका खालच्या पहिल्या वीसच पायऱ्या चढली होती. त्याच वीस, सात-आठ वेळा, प्रत्येक वेळी सावलीत बसून सरबत पिऊन. मग तिला मागच्या रस्त्यानं मोटारीतून वर आणलं, आणि इथं शेवटच्या चार पायऱ्यांवर उभं करून पळायला लावलं.

मला वाटलं, ताईंना वाईट वाटेल. पाच वेळा तिकीट काढून त्यांनी तो सिनेमा पाहिला होता. ताईंनी बशीतला चहा संपवला.

"म्हणजे ते चढलीच नाही," त्या म्हणाल्या. "मी चढली."

मग त्या इतक्या हसल्या की मुलींनाही हसू आवरेना. परत जाताना मात्र मागच्या रस्त्यानं गाडीतच बसल्या. मी काही सुचवायच्या आत जाऊन बसल्या.

सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. पूर्वार्धात पुढे होतो. उत्तरार्धात आमच्या सगळ्यात चांगल्या मुलीला मधल्या रेषेपर्यंत परतता आलं नाही. मांडीत गोळा आला आणि ती रेषेपासून दोन हातांवरच खाली बसली. बाकीच्यांच्या पायांचंही तेच. समोरच्या मुली डोंगरात वाढलेल्या, त्यांना आमच्या तोंडाकडे बघून कळलं असावं. त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी विचारलं, सकाळी कुठे गेला होता का. मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग त्याच हातानं आमच्या मुलींना गरम पाणी पाठवून दिलं.

धर्मशाळेत संध्याकाळी ताईंनी मोहरीचं तेल गरम केलं आणि दहाही मुलींना रांगेत पालथं झोपवून एकेकीच्या मांड्या चोळल्या. त्यांचे स्वतःचे गुडघे फुगले होते, ते मी चोळले. हरल्याबद्दल कोणी माझ्याकडे तक्रार केली नाही. मंडळाला दिलेल्या अहवालात मी लिहिलं की थंड हवामानाचा खेळाडूंना त्रास झाला. ते खोटं नव्हतं. पुढच्या वर्षापासून सामन्याच्या दिवशी देवळं, विहार, बाजार सगळं बंद, असा नियम मी केला आणि पाळलाही.

ताईंचा गुडघा पुढे सहा महिने दुखत होता. एकदाही त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाल्या, प्रवास झाला.

दुसऱ्या वर्षी तोच सिनेमा पुन्हा टॉकीजला लागला तेव्हा आम्ही दोघी गेलो. गाणं सुरू झालं, नायिका पायऱ्यांशी आली. ताई पुढे सरकून बसल्या आणि मोजू लागल्या. हळू, पण शेजारच्यांना ऐकू जाईल इतपत. सोळा, सतरा, अठरा. विसाव्या पायरीला चित्र तुटलं आणि नायिका एकदम वरच्या कठड्याशी दिसली, केससुद्धा न विस्कटलेली. ताई शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईकडे वळल्या आणि म्हणाल्या की इथून पुढे ती मोटारीनं गेली.

त्या बाईनं जरा चमकून विचारलं, "तुमाले काय मालूम?"

"मी पायी गेली होती," ताई म्हणाल्या, आणि पुढचा सिनेमा बघू लागल्या.