पाहुण्यांच्या तारखेला टांगलेली सायकल

दान दिलं की हाराशिवाय, फोटोशिवाय तुम्हाला चैन पडतं का हो? खरं सांगा. कारण चौऱ्याऐंशी साली मुलुंडच्या सुगंधाची नोकरी त्या फोटोपायीच अडकली होती.

पोलिओनं तिचे दोन्ही पाय लहानपणीच गेले. हात मात्र असे चालायचे की चाळीतल्या बायका गजरे तिच्याकडूनच ओवून घ्यायच्या. वडील काशीराम संपात गिरणीबाहेर पडले ते कायमचेच. लेकीला पाठीवर घेऊन हिंडायचे, पण आता कंबर साथ देईना. औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायचं काम मिळत होतं. साहेबाची अट एकच: "सोमवारी तुझी तू यायचं. रोज कोणी आणून टाकलेलं नाही चालायचं."

हातानं चालवायची तीनचाकी सायकल हवी. सरकारी कचेरी म्हणाली, आधी नोकरी दाखव. कारखाना म्हणाला, आधी सायकल दाखव. शेवटी एका सेवा मंडळानं मंजूर केली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ती मंडळाच्या हॉलमध्ये उभी होती. शनिवारी बापलेक तिथं पोचले.

"तुझीच आहे गं ती," चिटणीस सबनीस म्हणाले. "पण प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळू दे. त्यांच्या हस्तेच द्यायची आपली पद्धत."

"फोटोच ना? आत्ता काढा. हसते मी. रड म्हणालात तर रडते."

"पाहुण्यांशिवाय? देणगीदार काय म्हणतील?"

"मग आज नेते, समारंभाला परत आणते. पुसून, चकाचक करून."

"वापरलेली वस्तू स्टेजवर? शोभतं का?"

संपात उपाशी राहूनही कुणापुढे न वाकलेले काशीराम सबनीसांच्या पायाशी वाकले. सुगंधाचं डोकं फिरलं. "बाबा, उठा! भीक नाय मागत आपण!"

घात तिथंच झाला. सबनीसांनी हॉलला कुलूप घातलं. "एवढा ताठा असेल तर थांबा आता."

सोमवारी काशीराम उंबऱ्याशी बसले. "चल गो बाय, पाठीर बस."

गेटवर साहेबानं दोघांना पाहिलं. "आज बाप आहे. उद्या याची कंबर मोडली तर?"

"सरपटत आणीन, साहेब," काशीराम म्हणाले.

साहेबानं तिच्या जागी दुसऱ्या मुलीला हाक मारली. ती आत गेली आणि गेट लागलं. परतीच्या वाटेवर काशीराम लेकीसकट फुटपाथवर बसले ते उठेचनात. "आता माझ्यान नाय जमणा गो," एवढंच म्हणाले. सुगंधानं तोंड फिरवलं. घरी कसं जायचं, हे दोघांनाही कळत नव्हतं.

सायकल त्यानंतरही हॉलमध्येच राहिली, कोरी करकरीत. पाहुण्यांना सवड मिळाली नाही.

तुमच्या मंडळाच्या हॉलमध्ये अशी एखादी वस्तू हाराची वाट बघत उभी असेल, तर विनवणी समजा नाहीतर दम समजा: आजच कुलूप काढा आणि ज्याची आहे त्याच्या दारात नेऊन ठेवा.